प्लॉट नंबर सत्तावीस, शाळेसमोर

हुबळी
९ एप्रिल २००७

वृषाली,

परवा, शनिवारी संध्याकाळी पावणेसात वाजता, इथल्या स्टेशन रोडवरच्या सायबर कॅफेत चार नंबरच्या खुर्चीवर माझं आयुष्य बदललं. तुला हसू येणार हे माहीत असून लिहितोय.

एक फोटो उघडत होतो. इथलं नेट म्हणजे आपल्या जुन्नर स्टँडवरचा नळ. फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उतरतो. आधी आभाळ आलं. मग डोंगराची कड. मग लांबट पत्र्याचं छप्पर, आणि छपरापुढे झेंड्याचा खांब, डावीकडे कललेला. मी खुर्चीतून उठलोच. तूच लिहिलं होतंस ना, पावसात खांब कलला आणि हेडमास्तर म्हणाले राहू द्या, झेंड्याला चालतंय. ती तुझी शाळा होती, वृषाली. तुझी नेमणूक झाल्यापासून मी तिची नुसती कल्पना करत होतो, आणि ती माझ्यासमोर पट्टी पट्टीने खाली आली. छपराखाली उतारावर हिरवंगार शेत, कडेला दुभंगलेला काळा दगड आणि सगळ्यात खाली धरणाचं पाणी.

फोटो कुठे सापडला, मी तिथे काय शोधत होतो, हे विचारू नकोस. वेळ आली की सांगेन. फक्त एवढं सांग, शाळेखालची ती फुटक्या दगडाजवळची जमीन कशी आहे? तू तिथे जातेस का कधी? मला डोळे मिटून तुला तिथे उभं करायचंय.

मी ठीक. मामांनी भांड्याच्या दुकानातून उठवून मला वसुलीवर घातलंय. लूनावरून धारवाडपर्यंत जातो, दुकानदारांकडे थकलेली उधारी मागतो. निम्मी बुडीत निघते. मामा म्हणतात, तुझ्या रागाचा तेवढाच उपयोग. म्हणू देत. ज्याने तुझं नाव वर्गातल्या फळ्यावर लिहिलं त्याचं नाक फोडल्याबद्दल मी कॉलेजची माफी मागितली नाही, बी.कॉम. अर्धं सोडलं, बाबांनी इकडे धाडलं, तरी मागितली नाही. अजूनही मागणार नाही.

तुझ्या अप्पांचं वाक्य मात्र पाठ झालंय. "सोताच्या नावावर गुंठाभर भुई दाखव म्हनावं, मग पोरगीचं बोलू." आमच्या घरात कोणाच्याच नावावर भुई नाही. जुन्नरचं दुकानसुद्धा भाड्याचं. आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे अप्पांना चांगलं ठाऊक आहे. पण वाटा असतात.

तुझा,
जिनेश


जि. प. शाळा, व्हाया घोडेगाव
१७ एप्रिल २००७

जिनेश,

तुझं आयुष्य दर दोन महिन्यांनी बदलतं, म्हणून हसले नाही. पण खांब ओळखलास याचं खरंच आश्चर्य वाटलं. आमच्या शाळेचा फोटो कोण कशाला काढील? मध्यंतरी एक जीपगाडी आली होती, टोपीवाले दोघे जण उतरले, लेझीमच्या मुलांना बाजूला करून फोटो काढून गेले. आम्हाला वाटलं पंचायत समितीचे असतील. हेडमास्तरांनी त्यांना चहा पाजला.

इथे ऊन मी म्हणतंय. मोबाइलला रेंज आली का म्हणून अजून टेकडीवर चढून बघतात लोक. तुला फोन करायला घोडेगाव गाठावं लागतं, आणि बूथवर मागे रांगेत उभा असलेला माणूस आपलं बोलणं आपल्यापेक्षा मन लावून ऐकतो. त्यापेक्षा पत्र बरं.

आता तुझी जमीन. ती होय? ती सगळी बुडीत आहे. आमच्या शाळेत खिचडी शिजवतात त्या धोंडाबाईंचा हरभरा होता तिथे यंदा. तुझा फोटो फेब्रुवारीतला असणार, आता हिरवं काही उरलेलं नाही, ढेकळं आहेत. मी जाते कधीकधी संध्याकाळी. दगडावर बसलं की पलीकडच्या वाड्यांचे दिवे लागताना दिसतात. कर तिथे उभं मला, माझी हरकत नाही.

अप्पांचं ते वाक्य तू फार मनावर घेतलंयस. कांद्याच्या गोणी शिवता शिवता ते बोलले. आई म्हणाली, पोरगं कांदा खात न्हाई म्हनं. त्यावर अप्पा म्हणाले, मग आपल्या घरी खानार काय, आमचं त्वांड? आणि मग ते भुईचं. विषय मिटवायचा असला की ते असंच काहीतरी मागतात. सोयऱ्यांनी उसना ट्रॅक्टर मागितला की म्हणतात, आधी डायवर आना.

१ मेपासून सुट्टी, मी बोरीला. तिकडे पत्र टाकू नकोस. आमचा पोस्टमन पत्र आधी अप्पांच्या हातात देतो आणि दोघं मिळून शिक्का वाचत बसतात.

वृषाली


हुबळी
४ मे २००७

वृषाली,

हे पत्र तुला जूनमध्ये मिळेल. तोपर्यंत बंद शाळेच्या दाराखाली पडून राहील. राहू दे, मला आत्ताच लिहायचंय.

तू बुडीतचं लिहिलंस ते फार बरं केलंस. मी लगेच चौकशी केली. सगळं फेडलेलं आहे, काही थकलेलं नाही, तसा शिक्क्याचा दाखला माझ्या हातात आला. माणसाने विचारलं की मार्ग निघतो. मामासुद्धा मान डोलावतील असं काम केलंय, पण त्यांना इतक्यात सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. पुण्याच्या एका ऑफिसातून मला फोन येतो. आठवड्यातून दोनदा. ते मला "सर" म्हणतात. जिनेश सर. मी बोलत असताना मध्ये तोडत नाहीत. कॉलेज सोडल्यापासून मला कोणी नीट नावाने हाक मारली नव्हती. इथे "ए जुन्नर" म्हणतात.

बाइक विकली. बंटीनेच घेतली, मावसभाऊ असून भाव पाडला. मामांकडे साठलेला दोन वर्षांचा पगारही मागून घेतला. कशाला, विचारू नकोस. तुझे अप्पा मला दारात उभं करतील तेव्हा माझ्या हातात कागद असेल, एवढंच.

जिनेश


शाळा
१९ जून २००७

जिनेश,

दाराखालचं पत्र उंदराने एका कोपऱ्यातून वाचलं होतं, बाकीचं मी वाचलं.

मामांची बुडीत उधारी सगळी फिटली हे वाचून बरं वाटलं. आता तरी तुला लूनावरून उतरवतील. पण बाइक का विकलीस? आणि ते पुण्याचं ऑफिस कसलं? नोकरी बघतोयस का? "सर" म्हणतात म्हणजे चेन मार्केटिंगवाले असतील. आमच्या गावात एक जण अशाच लोकांच्या नादाने सोन्याचं नाणं घेऊन आला, ते पितळेचंही नव्हतं.

तुझ्या दोन्ही पत्रांत "विचारू नकोस" येतं. मुलांच्या निबंधात एकच शब्द पुन्हा आला की मी खाली रेघ मारते.

पाऊस मनासारखा लागलाय. पाणी हळूहळू वर येतंय. सुट्टीत मी अप्पांकडे आपला विषय पुन्हा काढला. ते उठून विहिरीवर गेले, पण नाही म्हणाले नाहीत. घाई करू नकोस. माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपू देत, मग माझंही घरात वजन येईल.

वृषाली


हुबळी
१३ ऑगस्ट २००७

ती. रखमाजी अप्पा यांस,
मु. पो. बोरी बुद्रुक, ता. जुन्नर

सा. न. वि. वि.

मी जुन्नरच्या चंपालालजींचा मुलगा जिनेश. आपण मला ओळखता. आपण म्हणाला होता, स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन दाखव, मग बोलू. मी दोन गुंठे जमीन घेतली आहे. शेतजमीन आम्हाला घेता येत नाही म्हणून बिनशेती प्लॉट घेतला, इंटरनेटवरून. प्लॉट नंबर सत्तावीस, धरणाच्या काठी, वृषालीच्या शाळेसमोर. तिला शाळेत जायला चार मिनिटं लागतील. तिला अजून सांगितलेलं नाही, आधी आपल्याला सांगावं असं वाटलं. सोबत वाटपपत्राची रंगीत झेरॉक्स, नकाशा आणि फोटो जोडला आहे. खरेदीखत दिवाळीनंतर होईल.

दिलेला शब्द आपण पाळाल याची खात्री आहे.

आपला,
जिनेश


शाळा
२६ ऑगस्ट २००७

जिनेश,

काल शनिवारी सकाळची शाळा सुटता सुटता अप्पा दारात उभे. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काखेत प्लास्टिकची पिशवी. माझ्या नोकरीला तीन वर्षं होत आली, ते इथे कधी आले नव्हते. मला वाटलं घरी काही झालं. ते म्हणाले, "चल, जावईबापूंची भुई बघू."

पिशवीतून तुझे कागद काढले. मी वाचले. दोनदा वाचले. मला काय झालं ते लिहीत नाही.

धोंडाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "आगं, ह्यो तर माजा हरभरा. कुनी काडला ह्यो?"

अप्पा म्हणाले, "बाई, तुमचा हरभरा इकलाय कुनीतरी."

"कुनाला?"

"आमच्या पावण्याला."

आम्ही तिघं खाली गेलो. म्हणजे जाता येतं तिथपर्यंत. शाळेच्या कुंपणाच्या पुढे वीस पावलांवर पाणी लागलंय. चांगदेव मासेवाला जाळं वाळवत होता. अप्पांनी नकाशा उघडून त्याच्यासमोर धरला आणि अगदी सरळपणे विचारलं, "भाऊ, सत्तावीस नंबर कुठं येतो?" त्याला वाटलं थट्टा आहे. मग अप्पांचा चेहरा बघून त्याने दगड दाखवला. दगडाचं आता फक्त टोक वर आहे, त्यावर बगळा बसला होता. "त्या बगळ्याच्या पल्याड धरा, पावणं. माजी दोन डोकी बुडत्याल एवढं पानी हाय. मासं मातर लई ग्वाड घावत्यात."

अप्पा हसले नाहीत. तू विचार करत असशील की हसले असतील, म्हणून सांगते. ते काठावर उकिडवे बसले. मग कागदावरून हात फिरवून म्हणाले, "कागुद लई भारी हाय. सोनेरी शिक्का हाय."

धोंडाबाई शेजारी बसल्या. धरण व्हायच्या आधी ती जमीन त्यांचीच होती, जिनेश. सत्तावीस नंबर म्हणजे त्यांच्या घराचं अंगण. सरकारने केव्हाच घेतली. आता हिवाळ्यात पाणी उतरलं की गाळावर ते लोक हरभरा टाकतात, आणि पावसाळ्यात ती पुन्हा जाते. त्या म्हणाल्या, "आमची गेली तवा आमाला निदान आदी नोटीस तरी दिली व्हती. त्या पोराला सांग, तुज्या पिलाटात माजी चूल हाय. ती मी उचलनार न्हाई."

आणि आता माझं. मी रोज त्या जमिनीकडे बघत होते. वर्गाच्या खिडकीतून दिसते ती. तू मला एक ओळ लिहिली असतीस, "वृषाली, ही घेऊ का", तर मी तुला सगळं सांगितलं असतं. तू हुबळीला बसून माझ्या खिडकीतली जमीन घेतलीस आणि फक्त मला सांगितलं नाहीस. अप्पांना सांगितलंस. जमीन त्यांनी मागितली, तू दिलीस, मधल्यामध्ये मी कोण? तिच्यावर उभी करायची बाहुली?

वृषाली


हुबळी
१ सप्टेंबर २००७

वृषाली,

तुला राग येतो, मला येत नाही का? मी विचारलं नव्हतं? एप्रिलमध्ये, स्पष्ट शब्दांत विचारलं होतं, ती जमीन कशी आहे. दगडाची खूण सांगून विचारलं होतं. तू दिव्यांचं लिहिलंस, हरभऱ्याचं लिहिलंस. पाण्यात जाते हे एक वाक्य लिहायला तुला काय झालं होतं? तुला रोज दिसत होतं ना खिडकीतून?

आणि तुझे अप्पा तमाशा बघायला गेले. जाऊ देत. सगळ्या बोरीत सांगू देत. मारवाड्याच्या पोराने तळं विकत घेतलं म्हणून.

त्या ऑफिसातला फोन आता कोणी उचलत नाही. मी पुण्याला जातोय. ज्याने मला सर म्हटलं त्याला त्याच्या तोंडाने पुन्हा सर म्हणायला लावतो.

जिनेश


शाळा
६ सप्टेंबर २००७

जिनेश,

माझं १७ एप्रिलचं पत्र काढ. "आता तुझी जमीन" इथून पुढचं वाक्य वाच.

वृषाली


हुबळी
११ सप्टेंबर २००७

वृषाली,

काढलं. वाचलं. "ती सगळी बुडीत आहे."

मी हे वाक्य तेव्हाही वाचलं होतं. चार वेळा वाचलं होतं. आमच्या घरी बुडीत म्हणजे एकच. बाबांच्या चोपडीत शेवटचं पान असतं, ज्यांच्याकडून उधारी यायची नाही त्यांचं, त्याला बुडीत म्हणतात. मला वाटलं जमिनीवर कर्ज आहे, थकलेलं. मी पुण्याच्या माणसाला दरडावून विचारलं, जमीन बुडीत आहे म्हणे? तो क्षणभर गप्प झाला. मला वाटलं मी त्याला पकडलं. मग मी म्हणालो, बँकेचं किती थकलंय? तेव्हा तो हसला, वृषाली. मोकळा हसला. म्हणाला, सर, एक रुपया नाही, दाखला पाठवतो. आणि पाठवला. धरणाच्या काठची जमीन बुडीत आहे हे कळून मी तिचं कर्ज विचारत बसलो.

तू जूनमध्ये मामांच्या उधारीचं लिहिलंस तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं बरं झालं, हिला काही कळलं नाही.

तुला मी जे लिहिलं १ तारखेला, त्याची माफी मागतो. माफी हा शब्द लिहायची सवय नाही माझ्या हाताला, म्हणून अक्षर असं आलंय.

जिनेश


बोरी बुद्रुक
१७ सप्टेंबर २००७

चि. जिनेश यास बोरीच्या रखमाजीचा रामराम.

पत्र मीच लिवतोय, पोराला, सूरजला लिवाया सांगितलं न्हाई. चुकलंमाकलं समजून घ्या.

तुमी घेतलेली भुई मी बघून आलो. कुनाला बोललो न्हाई. बोरीत न्हाई, जुन्नरात न्हाई. तुमच्या वडलांच्या दुकानावरनं दोनदा गेलो, पन आत गेलो न्हाई. त्यांना सांगायचं ते तुमी सांगायचं.

आमी जमीन घ्यायची म्हंजे आदी पावसाळ्यात बघतो. उन्हाळ्यात समद्याच जमिनी चांगल्या दिसत्यात. पानी कुठनं येतं, कुठं साचतं, वाट कुनाच्या बांधावरनं जाती, ते पावसात कळतं. आनि शेजारी कोन ते बघतो. ह्ये तुमाला कोन सांगनार? तुमच्यात कुनी घेतलीच न्हाई. माज्याकडं आला असता तर मी सांगितलं असतं. पन तुमी माज्याकडं कसं येनार, मीच तुमाला भुई घिऊन ये म्हनालो व्हतो. ते मी तुमाला परतवून लावाया म्हनालो व्हतो. तुमी खरंच घिऊन आला. तवा निम्मी चूक माजी हाय. ह्ये मी वृषालीच्या आईला बी बोललो.

धोंडाबाई सांगती, तुमी येकटं न्हाई. मी बघून आलो तवापास्नं पाच जन आलं कागुद घिऊन. नाशकाचं येक मास्तर, मुंबईची येक बाई, अजून तिगं. समदी काठावर हुबी ऱ्हात्यात आनि गुमान निगून जात्यात, लाजंनं. हेडमास्तरांनी दोगांची नावं घेतल्यात. त्येंना मी कार्ड टाकलं.

तुमी येकटं पुन्याला जाऊन हात उचलला तर तुमीच आत जाल, त्यो बाहिर ऱ्हाईल. घोडेगावला या. समदी मिळून पोलिसात कागुद देऊ. शनवारी २९ तारकंला सकाळी दहाला, येष्टी स्टँडवर.

पोरगीचं बोलनं येगळं. ती काय भुईच्या बदल्यात द्यायची वस्तू न्हाई, ह्ये तिनं मला काठावर बसून सुनावलं. तिचं तिला इचारा.

रखमाजी

(खाली वेगळ्या शाईत) मी आणि धोंडाबाई येणार आहोत. साक्षीला. एवढंच. – वृ.


शिवाजीनगर एसटी स्टँड, पुणे
२८ सप्टेंबर २००७

वृषाली,

हे टपालात टाकत नाही, उद्या घोडेगावला हातात देईन. तिथे अप्पा असतील, धोंडाबाई असतील, कागदवाले असतील, पोलीस असतील. मला बोलता यायचं नाही.

आधी सांगतो, बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बघितली नव्हती?" मी म्हणालो, नाही. म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीने घोडेगावला येतो. दुकान बंद ठेवतो." आमचं दुकान आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा दुपारनंतर उघडलं होतं.

आता दुसरं. अप्पांनी नको म्हटलं होतं तरी मी त्या ऑफिसात गेलो. हुबळीहून येताना मामांच्या दुकानातला लोखंडी बत्ता वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला होता. खोटं कशाला सांगू. जिना चढताना माझा हात पिशवीतच होता.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर तोच फोटो, दारापेक्षा मोठा केलेला, तुझ्या शाळेच्या खांबासकट. बाहेर टीना नावाची मुलगी बसते, फोनवर गोड बोलणारी तीच. मला बघून ती घाबरली, म्हणजे माझ्यासारखे याआधी येऊन गेले असणार. आत जो बसला होता तो माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या जिनेश सर, बसा. पाणी घ्या."

मी म्हणालो, पाणी बघून आलेत आमचे लोक तुमचं.

त्याने नाकारलंच नाही. पंखा माझ्याकडे वळवला, म्हणाला, "सर, तुम्ही बिझनेस फॅमिलीतले, तुमच्याशी सरळ बोलतो. तुम्हाला प्लॉट नको ना? मग विकून टाकू. तुमचे पूर्ण पैसे, वर थोडे. गिऱ्हाईक तयार आहे, परदेशात आहे, ते कुठे बघायला येतंय? इथे फक्त सही करा." आणि कागद पुढे सरकवला. माझं नाव, प्लॉट सत्तावीस, सगळं छापून तयार होतं. चेकबुकही त्याने टेबलावर काढून ठेवलं.

मी बत्ता सोडला आणि पेन धरलं, वृषाली. हे तुला कळलं पाहिजे. मी पेन धरलं. माझ्या डोक्यात अर्ध्या मिनिटात सगळं हललं, पैसे परत, बाइक परत, बाबांना सांगता येईल फिटलं म्हणून, आणि तुझ्या गावाजवळ खरोखरची, बघून घेतलेली दोन गुंठे जमीन. उद्या घोडेगावला जायचीही गरज नाही. वाटपपत्रच हातात नसेल तर तक्रार कशाची करणार?

मी विचारलं, गिऱ्हाईक कोण? त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. त्याने कॉम्प्युटरची काच माझ्याकडे फिरवली, बघा म्हणाला, किती उतावीळ आहे. दुबईला नर्स आहे. सिद्धी नाव. तिचा ईमेल होता. तिने विचारलं होतं, रस्त्यापासून प्लॉटपर्यंत चढ आहे का? आईचे गुडघे दुखतात, तिला चढ चालत नाही. समोर शाळा आहे हे बरं झालं, आईला मुलांचा आवाज आवडतो.

खाली यांनी उत्तर टाकलं होतं, "डिअर मॅडम, अजिबात चढ नाही."

ते खरंच आहे. चढ नाहीच. पाणी सपाट असतं.

मी तो ईमेलचा पत्ता दोनदा वाचला, पाठ केला. मघाशी इथल्या कॅफेत जाऊन तिला लिहिलं, जसं आहे तसं, अर्ध्या पानाचं. ती मला वेड्यात काढील किंवा चौकशी करील. काही का करेना.

तुला मी काही विचारत नाही. उद्या तू साक्षीला येणार आहेस, त्याचा मी दुसरा अर्थ काढणार नाही. तुझी तीन वर्षं पुरी होऊ देत. मी बी.कॉम.चा फॉर्म बाहेरून भरतोय, त्यासाठी कॉलेजात जाऊन माफीचा अर्ज द्यावा लागेल, तो देईन. पुढे काय ते तू ठरवशील तेव्हा ठरव. मला आधी सांग किंवा शेवटी सांग.

त्या खोलीतलं राहिलं. मी पेन त्याच्या कागदावर आडवं ठेवलं. तो म्हणाला, "सर, विचार करा, उद्या हा भाव राहणार नाही." मी म्हणालो, मला सर म्हणू नका. तो म्हणाला, "मग काय म्हणू?" टीना दारातून बघत होती. मी माझं वाटपपत्र पिशवीत घातलं, तो बत्ता तसाच आत गुंडाळलेला, पिशवी खांद्याला लावली. पंखा अजून माझ्याच रिकाम्या खुर्चीवर फिरत होता. मी बाहेर आलो आणि मागे हात करून दार लावून घेतलं.

जिनेश